खंडेनवमीचा बोल्ट

दसरा होऊन आठवडा लोटला तरी वृंदाने गॅरेजातली पूजा आवरली नव्हती. आळस, दुसरं काही नाही. फरीदाबादच्या त्या गल्लीतले बाकीचे सगळे विश्वकर्मा पूजा करून मोकळे होतात. खंडेनवमीला पाने-पक्कड मांडून त्यांना हळदकुंकू वाहणारी ही एकटीच. आईने लावलेली सवय, आई गेल्यावरही सुटली नव्हती. पण मांडतानाचा उत्साह आवरताना कुठून यायचा? शेवटी रविवारी सकाळी आठच्या सुमाराला तिने झेंडूची वाळकी फुलं गोळा करायला घेतली, आणि फुलांखाली तिला एक बोल्ट सापडला. बोटाएवढा, नवाकोरा, डोक्यावर हळदीकुंकवाचा टिळा.

वृंदा स्टुलावर बसली. हा बोल्ट मानसच्या गाडीचा होता. तो गाडीत असायला हवा होता.

मानस तिचा धाकटा भाऊ, नोएडात आयटीत. दोन महिन्यांपूर्वी त्याने जुनी पण भलती जोरकस जर्मन गाडी घेतली, आणि इंटरनेटवर नाही नाही ते वाचून स्वतःला घाबरवून घेतलं. या इंजिनांत म्हणे पिस्टनला जोडलेल्या दांड्यांची, म्हणजे रॉडची, बेअरिंगं झिजतात, झिजताना कळत नाही, आणि कळतं तेव्हा रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आलेला असतो. "ताई, प्लीज यार, बिघडायच्या आधीच बदलून टाक," म्हणून तो हात धुऊन मागे लागला. तिने इंजिन खालून उघडलं. जुनी बेअरिंगं निघाली ती अगदी ठणठणीत, अजून पन्नास हजार किलोमीटर सहज गेली असती. ते तिने त्याला सांगितलं नाही. स्वारी इतकी खूश होती की सांगवेना.

सहा रॉड, प्रत्येकाला दोन, असे बारा बोल्ट. हे बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात आणि त्या ताणावरच धरून राहतात, म्हणून एकदाच वापरायचे. बेअरिंग नीट बसलं का हे तपासण्यापुरते जुने लावायचे, मग एकेक काढून त्या जागी नवा. खंडेनवमीला दुपारपर्यंत तिचे अकरा नवे बसले. बारावा तिने पूजेत ठेवला. भावाच्या गाडीचा आहे, आशीर्वाद घेऊन लावू, एवढाच विचार. मग आरती झाली, शेजारचे प्रसादाला आले, गप्पा लांबल्या. तीनला ती परत गाडीखाली शिरली तेव्हा शेवटचा बोल्ट जागेवर होता आणि घट्ट होता. तिने त्याच्यावर नेहमीसारखा पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे हा झाला. घट्ट होता तो जुना होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त साधून मानस गाडी घेऊन गेला.

 नवी बेअरिंगं रुळेपर्यंत, म्हणजे पाचशे किलोमीटर होईपर्यंत, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर न्यायचा नाही, असं तिने मानसला बजावलं होतं, आणि तो रोज संध्याकाळी मीटरचा फोटो पाठवत होता. कालपर्यंत चारशे बत्तीस झाले होते. आज सकाळी सातला तो बाबांना घेऊन जयपूरला निघाला होता. नोएडा ते सोहना सत्तरेक किलोमीटर. म्हणजे सोहना मागे पडेपर्यंत पाचशे पूर्ण, आणि पुढे एक्सप्रेसवे, सरळ, मोकळा. तिथे तो काटा सात हजारांवर नेणार, शेजारी बाबांना बसवून.

तिने मानसला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चालवताना फोन समोरच्या खणात ठेवायचा, हा नियम तिनेच त्याला भांडून घालून दिला होता. बाबांचा लावला. स्विच ऑफ. प्रवासात चार्जिंग वाया जातं म्हणून बाबा मोबाइल बंद ठेवतात; दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात तीस वर्षं पंखे बंद करत हिंडलेला माणूस. नोएडाला मानसच्या बायकोला, पूर्वीला, लावला.

"अगं, ते कधीच निघालेत. काय झालं ताई? आवाज असा का येतोय?"

"काही नाही. त्याचा फोन आला तर आधी मला लावायला सांग. बिल्कुल लगेच."

हायवेच्या हेल्पलाइनवर एका मुलीने शांतपणे गाडीचा नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "मॅडम, गाड़ी में खराबी क्या है?"  "बोल्ट पुराना है," वृंदा म्हणाली, आणि ते तिचं तिलाच वेडगळ वाटलं.

मग ती आपल्या जुनाट छोट्या गाडीत बसून बल्लभगडकडून सोहन्याच्या रस्त्याला लागली. गाठणार नाही हे तिला कळत होतं, पण गॅरेजात बसवत नव्हतं. बोल्ट शेजारच्या सीटवर. तो तुटला तर काय होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं: इंजिनाला मुठीएवढं भोक, गरम नळीवर सांडलेलं तेल, आणि आग. नवीन रस्ता, शेजारी म्हातारे बाबा, खाली वाकून बेल्ट सोडायला त्यांना दोन मिनिटं लागतात.  आणि मुळात काहीच बिघडलेलं नव्हतं, हे राहून राहून टोचत होतं. चांगल्या इंजिनात भीती तिने स्वतःच्या हाताने बसवली होती.

पावणेनऊला फोन वाजला. बाबा. तिने गाडी कडेला घेतली.

"वृंदा, गोळीची वेळ झाली म्हणून थांबलोय. चहा घेतोय. मानस म्हणतो, पाचशे झाले. ताईला विचारल्याशिवाय जोरात नेणार नाही म्हणतो. काय सांगू?"

 थांबलेत. दोघं चहा पितायत. तेल तपासायचंय, हळूहळू परत या, एवढं म्हटलं की भागलं असतं. इंजिनिअरिंग करून गॅरेज काढलं म्हणून दोन वर्षं अबोला धरलेल्या बाबांनाही तिची चूक कळली नसती. पण हळूहळूसुद्धा सत्तर किलोमीटर होतात.

"बाबा, गाडी चालू करू देऊ नका. किल्ली तुमच्याकडे घ्या." मग तिने डोळे मिटून घेतले. "माझी चूक झालीय. आत एक जुना बोल्ट राहिलाय. तुटू शकतो."

ट्रकांच्या आवाजात बाबा मानसकडे किल्ली मागताना ऐकू आले.

"किल्ली घेतली," बाबा म्हणाले. "तू सावकाश ये."

गाडी ट्रकवर चढवून फरीदाबादला आणली. दोघं भावंडं गाडीखाली शिरली. तिने तो बोल्ट काढून नव्याशेजारी धरला. नखाच्या कडेइतका लांब झाला होता, आणि मधे बारीक. मानस बघतच राहिला.

"ताई, आपण उघडलंच नसतं तर?"

"तर काहीच झालं नसतं. जुनी बेअरिंगं चांगली होती. तुला सांगितलं नाही."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फक्त हातातला टॉर्च नीट धरला.

त्या रॉडला दोन्ही बोल्ट नवे हवेत म्हणून एक मागवला, त्यात चार दिवस गेले. दुसरा हळदीचा, पेट्रोलने स्वच्छ धुतलेला. या खेपेला तिने बाराही जुने बोल्ट एका ओळीत मांडून, बोट ठेवून मोजले, आणि मगच पिवळा ठिपका दिला.

मग ती गाडीत बसली, पण तिला किल्ली फिरवेना.  पंधरा वर्षांत तिने शेकडो इंजिनं चालू केली होती. मानस बाहेर उभा राहून बूट बघत होता. त्यालाही बसायचं नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

पलीकडचं दार उघडलं. बाबा गुडघे सांभाळत आत बसले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चालू आहे ना बघितलं, परत ठेवला, आणि वाकून, दोन मिनिटं खटपट करून, बेल्ट लावला.

"चल," ते म्हणाले.

वृंदाला भीती वाटतच होती. तिने किल्ली फिरवली.