सरकलेले धागे

संरक्षक जाकिटांचं कापड विणणाऱ्या एका गिरणीत धाकटी नोकरीला होती. कुठल्या कापडाची वीण कशी असावी, हे ठरवणं तिचं काम. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान तुरुंगात पहारेकरी होते. गिरणीची जाकिटं त्याच तुरुंगात जात, पण भाऊजी आपलं जाकीट कधी अंगात घालत नसत.

“अगं, ते घातलं की माझं कपाट होतं,” ते म्हणायचे. “वाकायचं तर आधी बिजागऱ्या लावून दे.”

सगळे हसायचे, पण ताईला हसू येत नसे. “ह्यांच्या अंगावर टिकेल असं काहीतरी वीण बाई,” ती धाकटीच्या मागे लागायची.

धाकटीने ते मनावर घेतलं. जुन्या कापडात प्रत्येक धागा एकाच्या वरून, लगेच पुढच्याच्या खालून जाई. सगळे एकमेकांत गच्च अडकलेले, म्हणून कापड पत्र्यासारखं ताठ. तिने तोच धागा बऱ्याच धाग्यांवरून मोकळा जाऊ दिला आणि मग एकदाच खाली घेतला. कापड मऊ पडलं, अंगाबरोबर वळू लागलं. चाचणीत त्यावर वजन आदळलं, दगड मारले, सुरी चालवली. कापडाने सगळं पचवलं. भाऊजी नवं जाकीट घालून कामावर जायला लागले, तेव्हा ताईने बहिणीच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली होती.

मग एके दुपारी तुरुंगात जेवणाच्या रांगेत दोन कैद्यांची जुंपली. भाऊजी सोडवायला मधे पडले. एकाकडे खाटेची तार होती, फरशीवर घासून टोकदार केलेली. ती जाकिटातून आरपार जाऊन फुप्फुसात घुसली.

दवाखान्यात ताईच्या मांडीवर ते जाकीट होतं. “फाटलंच कसं तुझं कापड?”

धाकटीने ते खिडकीशी नेऊन पाहिलं. रक्ताने कडक झालेलं, पण एकही धागा तुटला नव्हता.

“फाटलं नाही, ताई. धागे बाजूला सरकले.”

“म्हणजे वाट करून दिली.”

धाकटी जाकिटाची घडी घालू लागली.

“पूर्वी हे लांबूनच शिट्टी फुंकायचे,” ताई म्हणाली. “अंगात तुझं जाकीट होतं म्हणून मधे गेले. जा तू आता. इथे थांबू नकोस.”

धाकटी तडक गिरणीत गेली. सगळी जाकिटं परत मागवा, असं तिने साहेबांना सांगितलं.

“अगं, सगळ्या चाचण्या पास झाल्यात!”

“सुरीला पातं असतं. ते धाग्यांवर अडतं. टोकाची चाचणी कुणी सांगितली नव्हती, आणि मलाही सुचली नाही.” तिने नवं कापड उशीवर ठेवून त्यांच्या हातात टोच्या दिला. “तुम्हीच बघा.”

साहेबांनी फारसा जोर न लावता दाबला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो उपसून काढला आणि तुरुंगात फोन लावून जाकिटं परत मागवली. पलीकडून विचारणा झाली, “तोवर आमच्या माणसांनी घालायचं काय?”

भाऊजी वाचले, पण जिना चढताना धाप लागू लागली. इकडे धाकटीने बाहेरच्या थरांना पुन्हा गच्च वीण दिली, मऊ कापड त्यांच्याखाली घेतलं. या वेळी तिने टोच्याही चालवून पाहिला. तो अडला. जाकीट मात्र पुन्हा जड झालं.

भाऊजी कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी धाकटी ते घेऊन बहिणीकडे गेली. भाऊजींनी घालून पाहिलं, खुर्चीत बसले. “पोटात रुततंय गं,” म्हणाले. या वेळी थट्टा केली नाही.

ताई इतक्या दिवसांत प्रथमच तिच्याशी बोलली. “यातून काही आत जाणार नाही ना?”

हो म्हणणं सोपं होतं. धाकटी म्हणाली, “तार जाणार नाही. बाकी कशाकशाचं सांगू, ताई? कुणी काय घासून ठेवलंय, मला काय ठाऊक?”

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. “ऐकलंत ना? मधे पडायचं नाही.”

“नाही पडणार,” भाऊजी म्हणाले.

तिघांपैकी कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.