मागचा पत्रा

हे गेले तेव्हा मी रडले नाही. नंतरही नाही. नणंदबाई पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "रडून घे गं, मोकळी होशील." पुढच्या वेळी नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. त्यानंतर आल्या तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या गाडीची सीट उसवत होते आणि तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलणं टळलं. खरं सांगायचं तर मला काही वाटतच नव्हतं. बधिर केलेल्या दाढेवरून जीभ फिरावी तशी मी घरातून फिरत होते.

ह्यांची गाडी शेडमध्ये उभी होती. जुनी, लांब पाठीची स्टेशन वॅगन, वयाने माझ्या बरोबरीची. इंजिन मागे, सामानाच्या जागेखाली आडवं निजलेलं, चपटं. त्याला ना रेडिएटर, ना पाणी. नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं आणि आवाज असा करायचं की हे वळणावर आले की मी इकडे गॅस पेटवायची. हे जमिनीची मोजणी करायचे. तिपाई, खुंट्या, लांब टेप, सगळं त्या मागच्या जागेत. दुपारचं जेवण कुठल्या ना कुठल्या मोकळ्या रानात.

माणूस जमीन मोजायचा तसे शब्दही मोजायचा. संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर ठेवून एवढंच म्हणायचे, "गरम होता." चांगला होता नाही, मीठ कमी होतं नाही. सकाळी भरलेला डबा भर रानात दुपारी गरम कसा राहील? मी एकदा म्हटलंही, "उगाच शेंडी लावू नका." हे हसले आणि हात धुवायला गेले. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की हे तोंडदेखलं आहे. रोजचं, सवयीचं, बायकोला बरं वाटावं म्हणून. हे गेल्यावर त्या सगळ्या बधिरपणात एवढी एकच गोष्ट मला टोचायची. आमचा अख्खा संसार त्या एका तोंडदेखल्या वाक्यावर झाला असेल, तर रडू यायचं तरी कुठून?

भांडण म्हणाल तर आमचं एकाच गोष्टीवरून व्हायचं. गाडीच्या मागच्या जागेत, इंजिनाच्या झाकणावर, मुळात एक जाड गादी होती. ह्यांनी ती कधीच काढून फेकली होती. खाली उघडा पत्रा. मी गावभरच्या गाड्यांना सीटा शिवणार, छपरं मढवणार, आणि माझ्याच नवऱ्याच्या गाडीत सामान पत्र्यावर खडखडणार! चार लोकांत माझी शोभा. कितीदा म्हटलं, एका दुपारचं काम आहे, लोकरीचा जाड नमदा घालून वरून छान कापड शिवून देते. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "राहू दे तसाच." का, ते कधी सांगितलं नाही. मी म्हणायची, हट्टीपणा, दुसरं काय.

मग लेकीला ह्यांच्याच कामावर घेतलं. तीही मोजणी शिकलेली. म्हणाली, "मला बाबांची गाडी हवी." गाडी तर जाम होऊन पडलेली. धाकटे दीर मेकॅनिक. सगळे त्यांना पाना म्हणतात, कारण पाना खिशात नसला तर त्यांना कपडे घातल्यासारखं वाटत नाही. ते खाली सरपटत गेले, बराच वेळ तिथेच राहिले आणि तोंडाला काळं लावून बाहेर आले.

"वहिनी, इंजिनाच्या पोटालाच तडा गेलाय. जोडून देईन, पण ती मलमपट्टी. माझ्याकडे एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन आहे. असंच चपटं, पण पाण्याने थंड होणारं. ताकद दुप्पट, आवाज नाही. बसवू?"

"बसवा, भावजी."

"आणि जुनं?"

"द्या भंगारात."

"आई, तुला नक्की चालेल ना?" लेक म्हणाली.

"बसवा म्हटलं ना."

काम लांबलं. जुनं इंजिन जॅकवर खाली उतरवलं तेव्हा मी दाराशी उभी होते. त्याचा तो मोठा पंखा, कल्हई उडाल्यासारख्या दिसणाऱ्या पत्र्याच्या खोळी, सगळं पोत्यात गेलं. मला काही वाटलं नाही. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. त्याची आणि नव्या इंजिनाची भोकं जुळेनात, म्हणून लेथवाल्याकडून मध्ये बसणारी एक जाड तबकडी कापून आणली. "ही मध्यस्थ," भावजी म्हणाले, "हे लग्न हिच्या जिवावर टिकणार." लेक हसली. रेडिएटर पुढे बंपरखाली बसला. तिथून पाण्याचे दोन पाइप गाडीच्या पोटाखालून मागे आणले. स्प्रिंगा बदलून गाडी जरा खाली बसवली, लेकीने तिला गडद हिरवा रंग निवडला. मी सीटा उसवून नव्याने शिवल्या.

आणि मागचा पत्रा. आता हो-नाही म्हणणारं कुणी नव्हतं. डाव्या कोपऱ्यात रंग करपून तपकिरी कडं उमटलं होतं, बशीएवढं. गंज असेल म्हणून मी पॉलिश पेपरने घासून काढलं. सहज निघेना. मी जोर लावला, निघालं. वर प्रायमर मारला, रबराचा थर दिला, दुहेरी नमदा चिकटवला आणि करड्या कापडाची अशी नेटकी शिवण घातली की भावजींनी बोट फिरवून बघितली. एवढ्या वर्षांचा माझा हट्ट पुरा झाला होता. आनंद व्हायला हवा होता.

पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "तूही चल माझ्याबरोबर." गेले. गाडी कशी चालत होती म्हणाल तर लोण्यातून सुरी. इतकी गप्प की मला दोनदा वाटलं बंद पडली. दिवसभर या रानातून त्या रानात. लेक खुंट्या ठोकत होती, मी टेपचं टोक धरत होते. दुपारी तिने मागचं दार वर केलं, डाव्या कोपऱ्यातून डबा उचलला आणि तशीच थांबली.

"गार आहे."

"गारच असणार. सकाळी भरलाय."

"नाही गं. बाबांबरोबर सुट्टीत यायचे तेव्हा चटका बसायचा. रुमालाने धरून उघडायचो आम्ही." तिने कापडावर हात फिरवला. "ते इथेच ठेवायचे, पत्र्यावर, बरोबर इंजिनाच्या डोक्यावर. अर्ध्या वाटेत थांबून डब्याचा वरचा कप्पा खाली आणि खालचा वर करायचे. भातही तापला पाहिजे, भाजीही. म्हणून तर तिथे काही घालू द्यायचे नाहीत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? बाबांनी सांगितलं नाही कधी?"

सांगितलं होतं. रोज संध्याकाळी, ओट्यापाशी उभं राहून.

मी गार भात खाल्ला. ते कडं डोळ्यासमोरून हलेना. डब्याच्या बुडाएवढं होतं ते, मी शेकडो वेळा घासलेल्या बुडाएवढं, आणि ते मी जोर लावून काढलं. मला राग आला. पहिल्यांदा माझा, मग ह्यांचा. अहो, गादी का नको, एवढं एक वाक्य जास्तीचं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होते. हे गेल्यापासून आमचं पहिलंच भांडण.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसवणी आणि कात्री घेऊन मी गाडीत मागे चढले. डाव्या कोपऱ्यातलं कापड कापलं, नमदा खरवडला, रबर सोलून काढलं. भावजी धावत आले.

"वहिनी, अहो काय करताय! एवढं सुंदर काम!"

"जुनं इंजिन कुठाय?"

त्यांनी मान खाली घातली. "तुम्हीच म्हणालात द्या म्हणून."

"म्हणाले होते." मी खरवडत राहिले. "हे नवं इथे पत्रा तापवेल का?"

"तसा नाही. ह्याची उष्णता पाण्यातून पुढे जाते, रेडिएटरला. मागे थोडीच राहते."

"थोडी राहते ना?"

"थोडी राहते."

मी डबा त्या उघड्या पत्र्यावर ठेवला, तो घसरू नये म्हणून कापडाची कड दुमडून शिवली आणि लेकीला म्हटलं, "अर्ध्या वाटेत कप्पे खाली-वर कर."

दिवसभर मी कुणाच्या तरी सीटवर काम करत होते. दोन वेळा उलटी शिवण घातली. संध्याकाळी गाडी आली कधी ते कळलंच नाही, आवाज कुठला यायला. एकदम लेक स्वयंपाकघरात आली, तिने रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि चपला काढता काढता म्हणाली, "कोमट होता."

तोंडदेखलं बोलायची सवय तिला नाही. बापासारखीच आहे.

मी डबा घासायला घेतला आणि मला रडू फुटलं. सिंकची कड धरून, आवाज काढून, शेजारी ऐकू जाईल असं. लेक घाबरली. "आई, अगं मला कोमट चालतो! काकांना सांगू का, ते काहीतरी करतील, पत्रा तापेल असं काहीतरी..." ती फोन शोधू लागली.

मी ओल्या हाताने तिचा हात धरला.

"राहू दे तसाच," मी म्हटलं.