एका डिस्कवर तीन संगणक

नंदनवन भागातल्या तपासणी केंद्रात, तिथले संगणक सांभाळणाऱ्या वंदनानं शनिवारी संध्याकाळी तीन जुने संगणक बंद केले. एक नोंदणीचा, एक रक्ताच्या रिपोर्टांचा, एक एक्स-रेच्या फोटोंचा. आता तिघांचं काम नव्या सर्व्हरच्या पोटात, तीन आभासी संगणक होऊन चालणार होतं. मशीन कशी हवी ते तिनंच लिहून दिलं होतं: हा भार झेपेल असा प्रोसेसर, तिघांना पुरून उरेल एवढी रॅम आणि एक मोठी डिस्क. विक्रेत्या भूपेशनं तशीच मशीन आणली. रविवारी तिनं एकटीनं चालवून पाहिलं, काही अडलं नाही.

सोमवारी सकाळी उपाशीपोटी आलेली चाळीस माणसं रांगेत होती.

"वंदना, हे नुसतं फिरून राहिलं वं!" काउंटरवरून इंदूबाई ओरडल्या. "एक नाव चढून नाही राहिलं."

वंदनानं पाहिलं. प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी रिकामी. डिस्कवर मात्र पूर्ण ताण. एक्स-रेचे फोटो जमा होत होते आणि त्याच डिस्कपुढे बाकी दोन आभासी संगणक ताटकळत होते. पूर्वी तिघांना आपापली डिस्क होती. मागवताना तिनं डिस्कची जागा मोजली होती, वेग मोजलाच नव्हता.

टेबलाखालचे जुने संगणक तिनं घाईघाईनं पुन्हा जोडले. वीस मिनिटांनी रांग हलली.

तोवर केंद्राचे मालक डॉक्टर प्रेमानंद हातात फोन घेऊन आले. "भूपेशनं खराब मशीन दिली ना? परतच देतो त्याले."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"मशीन चांगली आहे, सर. मागवताना मी चुकले. दोन वेगवान डिस्क लागतील, एसएसडी."

"बारा वर्षं झाली ना तुले या कामात?"

"झाली, सर."

डॉक्टरांनी फोन खिशात टाकला. "मागव. पण दोन काहून?"

दोन का, ते गुरुवारी तिनं करूनच दाखवलं. तिन्ही कामं पुन्हा सर्व्हरवर आली होती आणि दोन्ही एसएसडींवर तेच सगळं लिहिलं जात होतं. नोंदणी चालू असताना तिनं त्यातली एक सरळ उपसून काढली. डॉक्टर काउंटरकडे धावले. काउंटरवर इंदूबाई नावं टाकतच होत्या. त्यांना कळलंही नाही.

"बरं बरं," डॉक्टर म्हणाले, "आता लाव वं ते परत!"