क्रेनवरची डबी

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला. क्रेनवाल्याने तेव्हाच ओळखले, आज खरे बोलावे लागणार किंवा ते कायमचे गिळावे लागणार.

"दोन वर्षं गोळी चालू आहे, तरी किडन्यांचं काम बारा टक्क्यांवर आलं," त्या म्हणाल्या. "मधुमेहात किडनी सांभाळणारं इतकं चांगलं औषध, पण तुम्हाला लागूच पडलेलं दिसत नाही."

"अहो, मी डोळ्यांत तेल घालून देते," बायको म्हणाली. "रोज डब्याच्या झाकणाला पुडी बांधून. एक दिवस चुकले नाही हो."

ती चुकली नव्हतीच. त्या गोळीने साखर लघवीवाटे जाई आणि सारखे उठावे लागे. गोदीतल्या त्याच्या क्रेनची केबिन उंच शिडीच्या टोकाला होती. एकदा उतरून पुन्हा चढायचे म्हणजे वीस मिनिटे, आणि तोवर खाली सगळे काम खोळंबलेले. पहिल्याच आठवड्यात तो एका पाळीत चारदा उतरला, तेव्हा मुकादम भर गोदीत ओरडला होता, "महाराज, सिंहासन नको असेल तर सांगा, दुसऱ्याला गादीवर बसवतो!"

सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून पुडी केबिनमधल्या ग्रीसच्या रिकाम्या डबीत जाऊ लागली. पाळीवर पाणी पिणेही त्याने सोडले. सुट्टीच्या दिवशी मात्र तो गोळी इमानाने घेई, आणि अगदीच काही नाही असे नाही, अशी मनाची समजूत घाली.

"मग भाऊजींनाही आजच सांगते," बायको पर्स उचलत म्हणाली. "त्यांनाही हीच गोळी आहे. कशाला विषाची परीक्षा?"

धाकट्या भावाचे रिपोर्ट वर्षभरात जराही बिघडले नव्हते.

"त्याची बंद करू नकोस," क्रेनवाला म्हणाला. "मी घेतलीच नाही. पहिले काही दिवस आणि सुट्ट्या सोडल्या तर एकदाही नाही."

बायकोने उचललेली पर्स खाली ठेवली.

"आणि पुड्या?"

"डबीत आहेत. वर, केबिनमध्ये."

"टाकल्या का नाहीत?"

"तू बांधलेल्या होत्या."

ती रागावली असती तर बरे झाले असते. त्याने डॉक्टरबाईंकडे पाहिले. "आजपासून नेमाने घेतली तर?"

"तेव्हा घेतली असती तर बरीच वर्षं मिळाली असती. गेलेलं ती परत आणत नाही. आता मशीनची तयारी करावी लागेल."

बैल गेला आणि झोपा केला, असे त्याची आई म्हणत असे.

पलीकडच्या खोलीत परिचारिकेने त्याला डायलिसिसची खुर्ची दाखवली. "आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मध्ये उठायचं नाही हं, काका."

"आणि लघवीला लागली तर?"

"हळूहळू ती लागायचीच बंद होते."

बसून बघा, म्हणाली म्हणून तो बसला. खुर्ची उंच होती. बायकोने सवयीने त्याच्या पायांपाशी पडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. इथून तो थेट पाळीवर जाणार होता, म्हणून पिशवीत डबा होता आणि झाकणाला आजची पुडी बांधलेली होती.