भोंग्याचे दोन शब्द

"तोंड उघड," मावशीनं भाचीची हनुवटी दोन बोटांत धरली, जणू घसाच तपासायचा होता. "आणि म्हण."

"उत्तर द्या!"

सभागृहाबाहेरच्या बोळात आवाज असा घुमला, की हात धुवायला निघालेले एक गृहस्थ आल्या पावली माघारी वळले.

"झकास! बस, एवढेच दोन शब्द. मी कानाला हात लावला की तू सुरू. मागून आम्ही वीस जणी आहोतच. पण तिसरा शब्द काढलास ना, तर गाठ माझ्याशी आहे."

पंधरा वर्षांच्या या मुलीला घरात सगळे भोंगा म्हणत. तिसऱ्या मजल्यावरून तिनं हाक मारली की अख्ख्या गल्लीला वाटे, आपल्यालाच बोलावलं. त्यात महिन्यापूर्वी तिनं आंतरशालेय वक्तृत्वाचा चषक जिंकला होता आणि तेव्हापासून तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आजची कामगिरी तर चषकाच्याही वरची होती. मावशी ज्या डायलिसिस केंद्रात नर्स होती, तिथली सहाही मशीनं नव्या आरोग्य सुधारणा योजनेत शहराच्या दुसऱ्या टोकाला, मध्यवर्ती रुग्णालयात हलवणार होते. आज त्यावर जनसुनावणी होती. प्रश्न विचारायचा तर आधी चिठ्ठी द्यायची. नर्सेसनी वीस चिठ्ठ्या दिल्या आणि वीसच्या वीस परत आल्या. वर शेरा होता, 'विषयास धरून नाही.'

"आम्ही मशीनं चालवतो, आम्हीच विषयाला धरून नाही," मावशी म्हणाली. "मग आता विषयालाच धरते, मानगुटीला!"

आत तिसऱ्या रांगेत आई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती वाचनालयात काम करायची आणि तिथली शांतता घरीही घेऊन यायची. रागावली की फक्त एक बोट वर करायची, आणि त्या बोटाला भोंगा मावशीच्या शंभर शिव्यांपेक्षा जास्त घाबरायची.

"मावशीनं काय पढवलंय?"

"कुठं काय?"

"ओरडायचं ठरलंय ना?"

भोंग्यानं बुटाची लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

"समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये," आई म्हणाली. "बोलायचं तर नीट बोलावं."

"आई, ते तुझं मशीन नेतायत."

"ते काय नेतायत ते मला कळतं."

भोंग्यानं तिचा डावा हात हातात घेतला. सुई टोचायच्या जागी शीर दोरखंडासारखी फुगली होती आणि आतून थरथरत होती, टेबलावर फोन गुरगुरावा तशी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार वाजता. वाचनालयातून केंद्र दहा मिनिटांवर. मध्यवर्ती रुग्णालय म्हणजे दोन बस, जायला दीड तास, यायला दीड तास. "नोकरी किंवा किडनी, एकच काय ते निवडा," असं मावशी चेष्टेत म्हणायची, पण त्यावर कुणी हसायचं नाही. आजही बुधवारच होता. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होती.

आरोग्यमंत्री पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब दाखवत होते. प्रत्येक खांब मागच्यापेक्षा उंच. भोंग्याचा पाय थांबेना. पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. शेवटी मावशीचा हात कानाकडे गेला.

भोंगा ताडकन उठली. समोर मंच, मंचावर माइक, चारशे डोकी. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तिच्या खणखणीत आवाजात सभागृहानं ऐकलं:

"आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय पाहुणे आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो..."

वक्तृत्वस्पर्धांची चार वर्षांची सवय. मंच दिसला की जिभेला दुसरं काही सुचतच नव्हतं.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हशा पिकला. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःच ओरडली, "उत्तर द्या!" मागून वीस आवाज उठले. मंत्र्यांनी हात वर केला. ते हसत होते.

"ताई, अहो ताई! एवढीशी मुलगी बघा कशी बोलते. शिका हिच्याकडून काहीतरी. वाद घालावा तर असा, सुसंस्कृत!"

टाळ्या पडल्या. रखवालदार नर्सेसना दाराकडे नेऊ लागले. "चला ताई, चला," करत, अगदी अदबीनं, दंडाला धरून. बाहेरचा गोंधळ आवरायला मंत्र्यांशेजारचे उपसंचालकही उठून गेले. आणि भोंग्याच्या हातात माइक आला.

ती बोलली. छान बोलली, हेच तर वाईट होतं. केंद्रात बेचाळीस पेशंट आहेत, आठवड्यातून तीनदा तीन तास प्रवासात आणि चार तास मशीनवर गेले तर त्यांनी पोट कसं भरायचं, आणि त्यातल्या कितींना विचारून हे ठरलं? कुठे विराम घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं जागच्या जागी. पुन्हा टाळ्या.

"वा! काय मांडणी आहे!" मंत्री मागे उभ्या सचिवांकडे वळले. "मुद्द्याची नोंद घ्या. पुढचा विषय, रुग्णालयाचा वाहनतळ."

"पण सर, उत्तर..."

माइक केव्हाच पुढे गेला होता. भोंगा खाली बसली. कान तापले होते. दाराच्या काचेपलीकडे मावशीचा हात वरखाली होत होता, आवाज मात्र आत येत नव्हता. आपल्यालाच चमचा करून त्यांनी मावशीला चहातल्या माशीसारखं बाहेर काढलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला घरातला तो चषक खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

वाहनतळ संपता संपता मंत्र्यांचे सचिव वाकून कुजबुजले, "साहेब म्हणतात, मुलीचा छोटासा सत्कार करू. आईंनीही वर यावं. एक फोटो."

"मी नाही येणार," भोंगा म्हणाली.

आई मात्र उठली. पर्स खांद्याला लावली. "चल."

"आई! तूसुद्धा?"

"चल म्हणते ना."

मंचावर पुष्पगुच्छ आला. मंत्र्यांनी भोंग्याच्या डोक्यावर हात ठेवला, आईला वाकून नमस्कार केला. "असे संस्कार घराघरात हवेत," ते माइकमध्ये म्हणाले. फ्लॅश चमकले. आई म्हणाली, "धन्यवाद." मग ती वळली, दोन पावलं चालली आणि उपसंचालकांच्या रिकाम्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, पर्सवर गुच्छ.

सचिव लगबगीनं आले. "ताई, जिना इकडे आहे."

"हो, पाहिला मी."

"म्हणजे... तुमची जागा खाली आहे."

"माझ्या मुलीनं एक प्रश्न विचारला. तुम्हा सगळ्यांना फार आवडला. त्याचं उत्तर ऐकते आणि जाते."

आवाज वाचनालयातलाच होता, समोरच्यानं पुढे झुकून ऐकावं असा. पण उपसंचालकांचा माइक चालूच राहिला होता आणि मागच्या भिंतीपाशीही शब्द न् शब्द पोचला. दोन रखवालदार पायरीपर्यंत आले आणि तिथेच घुटमळले. ज्या बाईसाठी आत्ताच टाळ्या वाजवल्या, तिला दंडाला कसं धरायचं? एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानं फोटोग्राफरकडे.

साडेतीन वाजून गेले होते. भोंगा आईच्या कानाशी वाकली. "आई, चारचा नंबर. चुकला तर थेट शुक्रवार."

"माहितेय."

मागे एकदाच नंबर चुकला होता, तेव्हा आईला दोन दिवस आडवं होता आलं नव्हतं. अंगात पाणी साठलं होतं, श्वास पुरत नव्हता. भोंगा खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिनं खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

मंत्री अजून हसत होते. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलून आईपुढे सरकवला. "ताई, दमलेल्या दिसता. घोटभर पाणी घ्या, मग निवांत बोलू आपण."

आईनं पेल्याकडे पाहिलं. बोटानं तो हळूच परत सरकवला.

"मला दिवसाला तीनच पेले चालतात. आजचे झाले," ती म्हणाली. "तुम्ही घ्या. सावकाश घ्या. मग सांगा."

मंत्र्यांनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि समोरच्या चारशे डोक्यांकडे नजर जाताच तसाच खाली ठेवला.