आमच्या स्वयंपाकघरातला जिना

वर भाडेकरू ठेवायचा असेल तर जिना बाहेरून काढायचा असतो, हे बीडमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या ह्यांना कळलं नाही.

हे, म्हणजे राधाकिशनराव, माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. गेटवर खुर्ची टाकून कोण कधी आला आणि कधी गेला, एवढंच बघायचं. नोकरी संपली, सवय संपली नाही. पेन्शन नाही, म्हणून नेकनूरची जागा विकून आम्ही बीडमध्ये घर बांधलं. खाली आपण राहायचं, वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या, आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं. बेत माझाच होता आणि चांगला होता. पण बांधकाम ऐन भरात असताना मी भाचीच्या लग्नाला गेले, आणि ह्यांनी नबी मिस्त्रीला सांगितलं, ‘जिना आतून काढ. येणारं-जाणारं माणूस आपल्या नजरेखालून गेलं पाहिजे.’ आठ दिवसांनी येऊन बघते, तर जिना माझ्या ओट्याला खेटून वर गेलेला. मी कपाळावर हात मारला.

खोल्या आठ महिने रिकाम्या राहिल्या. लोक यायचे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, बोअर आहे का, गाडी कुठं लावायची, सगळं विचारायचे. मग म्हणायचे, “वर कुठून जायचं?” मी म्हणायचे, “या, आत या.” बैठकीतून, देवघरापुढून, स्वयंपाकघरात. तिथं पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. बँकेतलं एक जोडपं तर स्पष्टच बोललं, “काकू, जिना बाहेरून काढलात तर वर्षभरासाठी घेतो.” हे मात्र खुर्चीत बसून म्हणत, “येईल कोणीतरी, धीर धर.” धीर धरून धरून माझं रक्त आटत होतं.

दसऱ्याच्या आधी भिवराबाई आल्या. चौसाळ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीतल्या. मुलगा सत्यम आणि सून दर वर्षी ऊसतोडीला जातात. नात करिष्मा यंदा दहावीला, म्हणून म्हातारी नातीला घेऊन बीडमध्ये राहणार होती. मी नेहमीसारखं, जीव नसल्यागत, जिना दाखवला. भिवराबाई पहिल्या पायरीवर चढल्या, खाली उतरल्या, पुन्हा चढल्या.

“वर जायाला दुसरी वाट न्हाई?”

“नाही,” मी म्हणाले. आता हेही ऐकून घ्यायचं.

“लई ब्येस. आमाला पसंत हाय.”

मला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

तेव्हापासून माझ्या घराची चावडी झाली. सकाळी पाणी तापवायला ठेवलं की म्हातारी काठी टेकत खाली. कणीक मळताना दळणाचा डबा माझ्या डोक्यावरून वर. मी डोक्यावरून अंघोळ करून केस मोकळे सोडले की नेमकी करिष्मा शाळेतून हजर. “चपला बाहेर!” हे वाक्य मी दिवसातून वीसदा ओरडायचे. आणि आमचे हे खुर्चीतून घड्याळ बघून खूश होऊन सांगायचे, “पाच वाजून दहा मिनिटं. पोरगी वेळेची पक्की आहे हं.” जणू तिची हजेरी लावायचीय.

दिवाळी झाली आणि माझा बांध फुटला. मी म्हणाले, “अहो, एक तर हा जिना इथं राहील, नाहीतर मी.” ह्यांनी घाबरून मान हलवली. जिना बाहेर गेला की गच्चीवर आणखी दोन खोल्या चढवता येतील, बँकेतलं जोडपं तिथं येईल, आणि आमच्या म्हातारपणाची काळजी मिटेल. मी नबी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गल्लीकडच्या भिंतीवर चुन्यानं जिन्याची रेघ मारली. ती रेघ बघून मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा चहा पाजला.

भिवराबाई दुकानातून आल्या आणि रेघेपाशी थांबल्या.

“हे कावून, बाई?”

“जिना बाहेर काढतेय, मावशी. तुम्हालाही सोपं पडेल.”

त्या खालच्या पायरीवर बसल्या. “मग आमी खोली सोडतो.”

माझं डोकं फिरलं. “सगळे जिना आत आहे म्हणून पळाले, आणि तुम्ही बाहेर काढते म्हणून पळता? माझं घर आहे की थट्टा?”

“रागावू नका,” म्हातारी म्हणाली. “गेल्या साली दुसरीकडं खोली केलती. जिना गल्लीत. मी दवाखान्यात गेलते अन् दोन पोरं वर चढून दार वाजवीत बसली. पोरगी आतून कडी लावून, दिवसभर बिनपाण्याची. सत्यम म्हनला, बास झालं शिक्षन. माजलगावचं स्थळ आलतं, लगीन ठरवतो म्हनला. मी त्याला हितं आणून हा जिना दाखवला. म्हनलं, बग, मानसाच्या चुलीवरनं जायाला लागतं, कोन येतंय वर? तवा कुठं तो टोळीसंगं गेला. जिना हलला की त्यो तोडीवरनं परत येतो, अन् हिचं लगीन लावून जातो.”

करिष्मा वरच्या पायरीवर भूगोलाचं पुस्तक घेऊन उभी होती. ते छातीशी धरलं होतं, कोणी हिसकावून घेईल असं. पंधरा वर्षांची पोर. मला तिच्या बापाचा संताप आला, त्या दोन पोरांचा आला, ह्यांचा आला आणि त्या जिन्याचाही आला. एवढा संताप येऊन करायचं काय, ते मात्र सुचेना. नबी मिस्त्री रिकामा कप हातात धरून माझ्याकडे बघत होता.

“पुसा ती रेघ,” मी म्हणाले.

“म्हंजे मार्चमंदी येऊ, भाभी? परीक्षा झाल्यावर?”

मी पुन्हा वर बघितलं. अजून अकरावी, बारावी. “ते तेव्हा बघू. आता पुसा आधी.”

बँकेतल्या जोडप्याला मी फोन करून नकार कळवला. त्यांनी दुसरीकडं घर घेतलं. ह्यांच्याशी मी चार दिवस बोलले नाही, कारण ह्यांचा चेहरा ‘मीच बरोबर होतो’ असा झाला होता.

परवा संध्याकाळी हे खुर्चीतच डुलक्या घेत होते. मी भाजी निवडत होते. सव्वापाच झाले. पाच वीस झाले. भाजी तशीच टाकून मी दारात गेले, गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा आत येऊन घड्याळ बघितलं. ते मागे तर पडलं नाही ना, म्हणून ह्यांच्या मनगटावरचंही बघितलं. पाच पंचवीसला करिष्मा आली, सायकलची चेन पडली म्हणून हात काळे करून.

“पंधरा मिनिटं उशीर!” मी ओरडले, इतक्या जोरात की हे दचकून जागे झाले. “चपला बाहेर! आणि आधी हात धू, मग वर जा.”

“हो काकू,” म्हणत ती माझ्या ओट्याशेजारून वर गेली. वरचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी पुन्हा भाजीला बसले.