अडुसष्ट कपाटांची यादी

"डिस्कच काढली, तर हा सुरू होणार कसा?" ताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलाखालून फक्त दोन पाय दिसत होते. ते संगणक दुरुस्त करणाऱ्याचे. माणूस पन्नाशीचा, गुडघ्यांनी बेजार. एकदा खाली शिरला की सगळी कामं उरकूनच बाहेर येई.

"सांगितलं ना ताई. बटण दाबलं की हा वायरीतून विचारतो, मी कोण, काय करू. वरच्या मजल्यावरचा मोठा संगणक त्याला सगळं सांगतो. मग हा कामाला लागतो."

"रोज विचारतो?"

"रोज सकाळी."

"कालचं काहीच आठवत नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"मग आमच्या साहेबांसारखाच आहे," ताई म्हणाल्या. टेबलाखालून हसल्याचा आवाज आला.

ताई रुग्णालयात जुन्या कागदपत्रांच्या खिडकीवर बसत. एकोणीस वर्षं झाली होती. येत्या शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि आज सोमवार होता. शनिवारी सगळं सामसूम असताना चाळीस संगणकांच्या डिस्क काढल्या गेल्या, पेशंटांची नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून नियमाप्रमाणे दोनदा पुसल्या गेल्या आणि खोक्यात भरून रवानाही झाल्या. आता एकेक संगणक नेटवर्कवरून सुरू करायचा होता. ताईंचा नंबर शेवटचा.

तो सुरू होईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि अडून बसायची. दुरुस्तीवाला गुडघे धरत बाहेर आला, पडद्याकडे बघत राहिला, डोकं खाजवलं.

"हा अजून डिस्कच शोधतोय," तो म्हणाला. "नाही म्हणून सांगितलं तरी ऐकत नाही."

सुरू होताना आधी कुठे बघायचं तो क्रम त्याने बदलला, नेटवर्क पहिलं केलं आणि पुन्हा बटण दाबलं. अक्षरं भराभर वर सरकली आणि मग स्वच्छ निळा पडदा आला. ताईंच्या इतक्या वर्षांच्या खुणांपैकी त्यावर एकही नव्हती. आपल्याच घरात शिरावं आणि भांडी दुसऱ्याची दिसावीत, तसं त्यांना झालं.

"माझी यादी?"

"सामायिक फोल्डरमध्ये टाकायला सांगितलं होतं ना सगळ्यांना? शुक्रवारपर्यंत?"

"टाकली की. गुरुवारीच टाकली."

यादी म्हणजे साधीसुधी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तळघरात पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा मिळेल त्या माणसाने मिळेल ते गठ्ठे उचलून दिसेल त्या कपाटात कोंबले. क्रमांकांची पार वाट लागली. तेव्हापासून ताई रोज थोडं थोडं बघून लिहीत होत्या: कोणाचे कागद, कोणतं कपाट, कितवा कप्पा. अडुसष्ट कपाटं. मागच्याच महिन्यात शेवटचा कप्पा संपला होता, आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाही न सांगता दुपारचा चहा दोनदा घेतला होता.

फोल्डर उघडला. यादीचं चिन्ह जागच्या जागी होतं. ताईंचा जीव भांड्यात पडला.

"बघा. आहे."

त्यांनी चिन्हावर दोनदा टिचकी मारली. ज्या ठिकाणी ही फाइल होती ते ठिकाण सापडत नाही, असा निरोप आला. त्यांनी परत टिचकी मारली. निरोप तोच.

दुरुस्तीवाला खाली वाकला. चिन्हाच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता. त्याने त्यावर बोट ठेवलं.

"ताई, तुम्ही कॉपी काय केलं होतंत?"

"हेच. पडद्यावर होतं ते. रोज त्याच्यावरच तर दाबत होते."

"ही यादी नाही. यादीकडे जायची वाट आहे. तुम्ही वाटच तेवढी इकडे आणलीत."

"मग त्या वाटेने जा ना तुम्ही."

"ती जुन्या डिस्कवर जाते."

"ती आणा."

"पुसली, ताई. मीच पुसली. दोनदा."

ताई खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांना नीटसं कळतच नव्हतं. चिन्ह दिसत होतं, खाली नावही त्यांनीच दिलेलं होतं, मग नाही म्हणजे काय नाही? कोणावर रागवावं हेही कळेना. त्या माणसाने नियमाने काम केलं होतं. त्यांनीही सांगितलं तेच केलं होतं. त्यांना फक्त मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी सांगतो साहेबांना, चूक माझी म्हणून," तो म्हणाला.

"कशाला? बाण मला दिसला नाही, त्यात तुमची काय चूक?"

साहेबांना त्यांनीच सांगितलं. साहेब आले, फोल्डरमध्ये डोकावले. "दिसतेय की यादी," ते म्हणाले. "उगाच घाबरता." आणि मीटिंगला निघून गेले.

अकराच्या सुमाराला खिडकीवर एक बाई आली. तिच्या आईचं दुपारी ऑपरेशन होतं, आठ वर्षांपूर्वीचे कागद डॉक्टरांना हवे होते. ताईंचा हात सवयीने माऊसकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या तळघरात उतरल्या. नववं कपाट, त्यांना खात्री होती. नववं नव्हतं. एकोणतीस? तेही नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेलं आठवू नये, याची त्यांना भीती वाटू लागली. एकोणचाळिसाव्यात, खालून दुसऱ्या कप्प्यात कागद सापडले तेव्हा पाऊण तास उलटला होता. एरवी पाच मिनिटांचं काम.

"सापडलं म्हणजे झालं," ती बाई म्हणाली आणि धावतच गेली. ताईंचं झालं नव्हतं. शुक्रवारनंतर खिडकीवर जो येईल, त्याला पाऊण तासात काय, पाऊण महिन्यातही सापडणार नव्हतं.

संध्याकाळी घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. "अहो, अकरा वर्षं हो," त्या म्हणाल्या.

"शनिवारपासून तुला कोण विचारणार आहे?" यजमान म्हणाले. समजूत घालायलाच म्हणाले. ताईंना ते रात्रभर टोचत राहिलं.

मंगळवारी त्या खडूंची पेटी घेऊन आल्या. खिडकी सांभाळून जेवढा वेळ मिळेल तेवढा तळघरात. एकेक कपाट उघडायचं, गठ्ठे बघायचे आणि दारावरच लिहायचं: कोणत्या सालचे, कोणत्या अक्षराचे, कितव्या कप्प्यात. गुरुवारी दुरुस्तीवाला खाली आला.

"फोल्डरमध्ये लिहा ना ताई. या वेळी मी स्वतः बघतो."

"लिहा तुम्ही वर बसून. मी दारावर लिहिते. मला आता हाताला लागेल तेच खरं वाटतं."

"खडू पुसला जातो."

"जाऊ दे. पुसला तर डाग तरी राहतो. इथे काहीतरी होतं, एवढं कळतं माणसाला."

तो गुडघे सांभाळत खाली बसला आणि खालच्या कप्प्यांतली नावं वाचून दाखवू लागला, म्हणजे त्यांना वाकावं लागू नये.

शुक्रवारी चार वाजता वर फुलं, चहा आणि दोन भाषणं झाली. ताईंच्या बोटांना खडू लागलेला होता, तो साहेबांच्या हातालाही लागला. त्यांनी खिडकीवरचा संगणक बंद केला, चाव्या दिल्या आणि गेल्या.

सोमवारी नवीन माणूस रुजू झाला. संगणकाने त्याच्यासमोर वायरीतून विचारून घेतलं आणि स्वच्छ निळा पडदा दाखवला. मग तो दिवा लावत तळघरात उतरला. पहिल्या कपाटापासून एकेचाळिसाव्यापर्यंत दारं बारीक, सरळ अक्षरांनी भरलेली होती. बेचाळिसाव्यावर सालाचे पहिले दोन आकडे होते, आणि त्यांच्याखाली जमिनीवर बोटभर खडू उभा करून ठेवलेला होता.